गालावरचा पुरावा

जगात घाबरण्यासारखं जे जे काही आहे, त्या सगळ्याला आमच्या ऑफिसातले अण्णा आधीच घाबरून बसलेले असायचे. शनिवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत परदेशी मालाचे कस्टम्सचे कागद तयार व्हायचे, आणि कोणती वस्तू सरकारी दरपत्रकातल्या कोणत्या सदराखाली बसते हे अण्णा ठरवायचे. सदर चुकलं की दंड, नाहीतर माल जप्त. अण्णांच्या मनात मात्र ही वाट थेट येरवड्याच्या तुरुंगापर्यंत जायची. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, बी.कॉम., फर्स्ट क्लास. भीती वगैरे मला ठाऊक नव्हती. "अहो पदवीधर, आपण निर्धास्त दिसता," अण्णा म्हणायचे, "म्हणजे कायदा वाचलेला दिसत नाही." कसब्यातून चालत येताना पोलीस दिसला की रस्ता ओलांडायचे, वर म्हणायचे, "त्यानं काय केलंय कोणास ठाऊक."

वस्तू स्वतः वापरून पाहिल्याशिवाय ते सदर लिहीत नसत. पायमोजे आले, चढवले. कुत्र्याचा पट्टा आला तेव्हा मी जेवायला बाहेर होते, त्यामुळे काय झालं ते सांगता येत नाही. मी परतले तेव्हा अण्णा ऐन मे महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळून बसले होते.

मग आमच्या धायरीच्या वैशालीचे मेकअपचे ब्रश आले. पार्लरमधली नोकरी सोडून तिनं स्वतःचं दुकान काढलं होतं, लग्नसराई तोंडावर होती आणि सगळा माल त्याच खोक्यांत. अण्णांनी एकेक नमुना गालावर फिरवून 'सौंदर्यप्रसाधनं लावायचे ब्रश' असं सदर लिहिलं. बंदरावरच्या कस्टम्सच्या साहेबांनी हरकत घेतली: हे केस विंचरायचे, नखं घासायचे ब्रश, खोटं सांगून माल आणला असं का मानू नये? माल अडकला. वैशाली रोज येऊन बाकावर बसायची. "अण्णा, माल गेला तर मी कुठल्या तोंडानं घरी जाऊ?" अण्णांचा डबा तसाच परत जायला लागला. आणि खरं सांगते, मीही जेवायला बाहेर जाईनाशी झाले. सदर अण्णांचं, पण बुडणार होती माझ्या गावची पोर.

सुनावणी कॉम्प्युटरवर होती. पडद्यावरचे साहेब बघूनच अण्णा पाठ केलेलं सगळं विसरले. काही सुचेना, तेव्हा त्यांनी शेजारी बसलेल्या वैशालीकडून लाली घेतली, त्यात ब्रश बुडवला आणि स्वतःच्या गालावर ओढला. रंग थेट कानापर्यंत गेला.

"हे काय करताय?" साहेब म्हणाले.

"साहेब, हा रंग उचलतो आणि गालावर ठेवतो. घासायचा असता तर रंग निघाला असता." अण्णा जेमतेम ऐकू येत होते. "पुन्हा दाखवू? दुसरा गाल आहे."

साहेब हसले नाहीत. "आदेश कळवू," म्हणाले, आणि पडदा काळा झाला. अण्णा त्याच गालानं संध्याकाळपर्यंत बसून राहिले. त्यांना पुसून घ्या म्हणायचं धाडस आम्हाला झालं नाही.

आदेश आला: सदर मान्य. वैशाली पेढे घेऊन आली, अण्णांच्या पाया पडली. "उठा, उठा. वरचे लोक फाईल पुन्हा उघडू शकतात," ते म्हणाले. पेढा मात्र घेतला.

आता अण्णा निवृत्त होऊन मुलाकडे नाशिकला असतात. सदरं मी लिहिते, सही माझी. परवा एक फाईल पाठवली, तिची प्रत चार वेळा तपासली, तरी चैन पडेना, म्हणून त्यांना फोन लावला.

"भीती वाटते हो, अण्णा."

पलीकडे त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "वाटू दे. मला आता कशाचीच वाटत नाही. कुणी काही विचारतच नाही."