आपोआप उचललेला फोन

आमच्या प्लंबरचे हात सदानकदा घाणीत, त्यामुळे बायकोचे फोन उचलायचे राहून जायचे. शेवटी ती रुसून माहेरी गेली. "आता एकदाच फोन करीन. उचललात तर येईन," असं बजावून. पठ्ठ्याने मोबाइलची सेटिंग्ज उकरून फोन आपोआप उचलला जाईल असं केलं, स्पीकरही लावला. त्या भानगडीत रिंगचा आवाज मात्र बंद झाला.

काल माझी मोरी तुंबली. त्याने कोपरापर्यंत हात घालून केसांचा आणि साबणाचा काळा, बुळबुळीत गोळा ओढून काढला. 

"शी! कसं सहन करतोस रे?" मी नाक दाबून विचारलं.

"काका, आमच्या सासूबाई जेवताना दात कोरतात आणि काडी ताटालाच पुसतात. ते पाहिल्यापासून मला गटारही सोवळं वाटतं."

खिडकीत ठेवलेला त्याचा मोबाइल खाकरला. "ऐकतेय हो, जावईबापू."

मागोमाग बायकोचा आवाज आला. "फोन उचललात, शब्दाला जागते. उद्या येते. आईलाही आणते, जेवायलाच."

त्याच्या हातातला गोळा पुन्हा मोरीत पडला.