पाठवणीतलं हसू

चूक माझीच. लग्नात पाठवणीच्या वेळी आम्ही वरपक्षाचे लोकसुद्धा डोळे पुसत होतो आणि नवी सून मृणाल मात्र वडिलांकडे बघून खळखळून हसली. मी तिला तिथेच कोरड्या मनाची ठरवून टाकलं.

काल तिचे वडील भेटून निघाले. रिक्षात बसताना म्हणाले, "चहा पाणचट होता हं!"

"पुढच्या वेळी तुम्हीच करा, बाबा!"

दोघंही तस्संच हसले. रिक्षा दिसेनाशी झाली, तरी मृणाल फाटकाशी हात हलवत उभीच. आसवं दिसली की आपण माणसाला मायाळू म्हणतो. या बापलेकींची माया हसण्यातच होती.

मी फाटकाशी गेलो. म्हणालो, "पाठवणीपासून तुला निष्ठुर समजत होतो, पोरी. माफ कर मला."