बापूंचे तळपाय

घरात कुणाला शुगर असेल तर आजच त्यांचे तळपाय बघा.

आज वडिलांना, आमच्या बापूंना, पहिल्यांदाच पायाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा बारीक दोरा तळपायाला टेकवत विचारलं, "लागतंय?"

बापू दर वेळी म्हणाले, "हां, लागस."

शेवटी डॉक्टरांनी दोरा टेकवलाच नाही, नुसतं विचारलं. तरी बापू म्हणाले, "हां, लागस."

मग डॉक्टरांनी टाचेत मोडलेला बाभळीचा काटा काढला. बापूंना पत्ताच नव्हता.

हा माणूस जन्मभर बांधावर चपला काढून वावरात शिरला. पाय टेकवून ओल सांगायचा.

येताना वावराशी थांबलो. चपला काढू लागले, तर मी अडवलं.

म्हणाले, "मंग तूच पाय ठेईसन देख, ओल शे का?"