बाप्पाच्या पायाशी खोल पाण्यातला शार्क

यंदा आमच्या सोसायटीच्या गणपतीपुढे शार्कचा देखावा होता. नाशकात, समुद्रापासून इतक्या लांब, असलं खूळ माझ्या बायकोचंच असणार. ती ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. शार्क करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी अकलेप्रमाणे पुठ्ठ्याचा राक्षस केला. जबडाभर दात, वर लाल रंग.

"अहो, हा कोण? माझा शार्क तुमच्याहून बुटका आहे. शेकडो मीटर खोल राहतो, माणूस त्यानं बघितलेलासुद्धा नसतो. पाठीवरच्या दोन्ही परांपुढे एकेक काटा, आणि डोळे केवढाले, हिरवे!"

दात उपटले. काटे म्हणून टूथपिक लावल्या, त्या आधी शेपटीला. मग शिव्या खाऊन पाठीवर. डोळ्यांना गाड्यांचं हिरवं रेडियम. खऱ्या शार्कचेही डोळे उजेड पडला की असेच चमकतात म्हणे. भोवती काळा पडदा, बाप्पापाशी फक्त समई. बायकोची एकच अट होती: अंधार हवा. कारण तिथे ऊन पोचतच नाही.

संध्याकाळी पाहतो तर अध्यक्षकाकांनी पडद्यावर एलईडीच्या माळा सोडलेल्या! समुद्राचा तळ कसला, लग्नाचा हॉल झाला होता.

"काका, माळा काढा ना," बायको म्हणाली.

"बाप्पाला अंधारात बसवू? आणि वहिनी, ह्याला दात कुठायत? शार्क वाटतच नाही."

"त्याच्या पोटात भलंमोठं यकृत असतं, तेलानं भरलेलं. त्यावरच तो तरंगतो. त्या तेलापायी मारतात त्याला. एका खेपेला एखाद-दुसरंच पिल्लू होतं, तेही किती उशिरा. गेलेला भरून येत नाही."

"ते तेल? माझ्या गुडघ्यांच्या कॅप्सूल त्याच्याच आहेत!" काका खुशीत म्हणाले. "पण आम्ही कुठे मारतो? आम्ही फक्त गोळी घेतो." आणि आरतीचं ताट आणायला लिफ्टनं वर गेले.

फक्त गोळी घेतो! माझं डोकंच फिरलं. शार्क काय झाडावरून पिकून पडतो? तरातरा मीटररूममध्ये गेलो आणि मांडवाचा स्विच पाडला.

तो अख्ख्या बिल्डिंगचा निघाला.

काळोख झाला. पोरं किंचाळली, मोबाइलचे टॉर्च लागले, आणि खाली, समईच्याही खाली, दोन हिरवे डोळे पेटले. पोरं त्या डोळ्यांसमोर येऊन बसली. बायकोनं लगेच सांगायला सुरुवात केली. वर्गात तिला इतकं कुणी ऐकलं नसेल.

लिफ्टमधून काका ओरडत होते, "लाइट लावा रे! घुसमटतंय इथे!"

मी स्विचकडे निघालो, तर तिनं माझा सदरा धरला.

"थांबा काका, दोनच मिनिटं," ती वर बघून म्हणाली. "पिल्लांचं राहिलंय सांगायचं."