दाजीच्या हेलिकॉप्टरातला बिब्बा

आता माह्या कारनाम्यांचं काय काय सांगू? एक सांगायला बसलो तर चहा थंड व्हतोय, समदे सांगितले तर हॉटेलवाला आपल्याला बाकड्यासकट उचलून बाहीर ठेवतोय. म्हणून आज एकच. पण हसायचं न्हाई हां. बरं हसा. समदं गाव हसलं, तुम्हीच कामून मागं राहता?

तर गज्यानं पैज लावली अन् म्या गाढवानं घेतली. एवढीच सुरुवात.

गज्या मंजी माहा जिगरी दोस्त. अक्कल माह्याएवढीच, मंजी हिशोब लावा. आम्ही दोघं स्टँडच्या कट्ट्यावर बसून शेंगा खाऊन राहिलो होतो, तर हा म्हणतो, "लई शाना समजतोस ना सवताला? तुह्या दाजीच्या हेलिकॉप्टरात बिब्बा घालून दाखव. अन् घालताना दाजीला पत्ता लागला न्हाई पाहिजे."

"घातला तर?"

"आठ दिवस तुह्या शेळ्या मी चारतो."

शेळ्या चारायचा मला किती कंटाळा हाय, हे माह्या शेळ्यांनाबी मालूम हाय. म्या म्हणलो, "दे टाळी!"

थांबा, दाजी कोण ते सांगतो. दाजी मंजी माह्या ताईचा नवरा. आमच्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो. आमचं गाव उमरीकडलं, तिथं ताईचं घर आमच्या घरापासून दोन गल्ल्या टाकून. म्या नववीत दोनदा आपटलो, तवा ह्याच माणसानं मला बाहीरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला, अन् रोज सांजच्याला घरी बसवून फुकट शिकवून राहिला. मंजी देवमाणूस. फक्त देव सोडून बाकी समद्यावर इश्वास.

अन् हेलिकॉप्टर मंजी खरं न्हाई बाबा! रिमोटवालं. कबुतराएवढं, अन् वजनाला कबुतराच्या पिलाएवढं. वर दोन पाती, मागं शेपटीला एक बारका पंखा, अन् समोर नाकाडावर काळं प्लास्टिकचं टोपण. शाळेतल्या विज्ञान दिवसाला पोरांसमोर उडवायचं म्हणून दाजीनं सवताच्या हौशेनं आणलं होतं.

आता बिब्ब्याचं. आमच्या गावात किसन आप्पा हाय. दर शनिवारी हा माणूस नजर लागू नये म्हणून लिंबू, मिरच्या अन् बिब्बा दोऱ्यात ओवून गावातल्या समद्या गाड्यांना बांधतो. ट्रॅक्टर, टमटम, पिठाची गिरणी, एकदा तर ढेपाळलेल्या एसटीलाबी बांधला. फक्त दाजीची मोटरसायकल सोडून. दाजी बांधूच देत न्हाई. हेलिकॉप्टर आलं तवा आप्पा हॉटेलात म्हणला, "मास्तर, गाडीचं एक वेळ ऱ्हाऊ द्या. पण हे इमान वर जातंय. समदं गाव मान वर करून बघणार. केवढी नजर लागंल!"

दाजी म्हणला, "आप्पा, नजरेला वजन नसतं. हेलिकॉप्टर उडणार."

"अन् न्हाई उडलं तर?"

दाजीला राग आला की त्याचे कान लाल व्हतात. कान लाल झाले. "नाही उडलं, तर सगळ्या शाळेसमोर मी स्वतः नारळ फोडीन. आणि तुमच्या हातानं त्याला बिब्बा बांधून घेईन. मोटरसायकललाही!"

समद्या हॉटेलानं ऐकलं. गज्यानंबी ऐकलं. तिथूनच त्याच्या डोक्यात किडा वळवळला.

माहा डाव साधा होता. बिब्बा गुपचूप आत घालायचा. हेलिकॉप्टर झकास उडंल, दाजी जिंकंल. मग म्या टोपण काढून समद्यांला दाखवणार, "घ्या, आत बिब्बाच होता!" दाजीबी हसंल, आप्पाबी हसंल. किती भारी ना? मलाबी तसंच वाटलं होतं.

मंगळवारी सांजच्याला दाजी हातपाय धुवायला न्हाणीत गेला. म्या दोन बिब्बे अन् एक खिळा काळ्या चिंधीत बांधून आणलेलेच होते. खिळा कामून? अवो, आप्पा बी खिळा घालतो. काम करायचं तर रीतीनं करावं! तोंडातलं च्युइंगम काढलं, पुडी टोपणाच्या नाकात आतून चिकटवली. काळ्यात काळं. देवालाबी दिसलं नसतं. अन् पुस्तक उघडून असा बसलो, जसा मीच मास्तर.

बुधवारी खळ्यावर पहिली चाचणी. दाजीनं रिमोटची दांडी वर सारली. हेलिकॉप्टर उचललं हातभर, अन् नाक खाली घालून जे पळालं! जसा बैल पाणी दिसल्यावर पळतो. समोर शांताकाकूची हळद वाळून राहिली होती, सरळ त्यात घुसलं. काढलं तर पिवळंधम्मक. शांताकाकू म्हणली, "हळद तर लागली, आता नवरी कुठून आणता मास्तर?"

तवा मला हिशोब कळाला. कबुतराच्या पिलाएवढं वजन, अन् त्याच्या नाकात म्या दोन बिब्बे अन् खिळा घातला. मंजी तुमच्या नाकात कुणी नारळ घातल्यावानी!

दाजी मात्र खूश. "बिघाड म्हणजे शिकायची संधी. चल, कारण शोधू. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, लक्षात ठेव." टोपण काढलं अन् माह्या हातात दिलं. "हे नीट धर."

धरलं. मुद्देमाल आरोपीच्याच हातात!

आधी त्यानं ट्रिमचं बटण धरलं. हेलिकॉप्टर पुढं पळतंय तर बटण मागं दाबायचं. दाबत गेला, दाबत गेला, शेवटी रिमोटच टूं टूं करून वरडाया लागला, आता मागं जागा न्हाई.

मग पाती. एका पात्याला लाल चिकटपट्टी, दुसऱ्याला निळी. पंखा फिरवला अन् मला खाली बसवून म्हणला, "दोन्ही रंग एकाच रेषेत दिसतात का बघ. एक वर, एक खाली दिसलं तर थरथर होते."

"एकाच रेषेत दिसून राहिलेत, दाजी."

"मग जायरो असेल." जायरो मंजी आतली एक चीज. चालू करताना हेलिकॉप्टर सपाट जागेवर ठेवावं लागतंय, मग ते ठरवतंय सरळ मंजी काय. सुरुवातीलाच वाकडं ठेवलं तर पुढं वाकड्यालाच सरळ समजतंय. मला माहा सवताचा समदा इतिहास कळाला.

दाजी गवंड्याकडून पाणसळ घेऊन आला! पाट मांडला, पाटाखाली कागदाच्या घड्या घातल्या, पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणला. एवढ्या सरळ जागेवर तर आमच्या गावात देऊळ बी बांधलेलं न्हाई. चालू केलं, टोपण घातलं, उडवलं. पुन्हा हळदीत.

गुरुवारपर्यंत गावभर झालं, "मास्तरच्या इमानाला नजर लागली." आप्पा तर काही बोलतच नव्हता, नुसता मिशीत हसून राहिला होता. आमच्या आईनं दाजीला मिठाचा खडा आणून दिला. अन् ताई! सवता मास्तरची बायको! दाजी वर्गात असताना तिला म्या डोळ्यानं बघितलं, मीठ-मिरच्या घेऊन हेलिकॉप्टरावरून उतरवत होती. मला म्हणली, "ह्यांना सांगशील तर तंगडं मोडीन."

ज्या बिब्ब्यामुळं ते पडून राहिलं, तोच बिब्बा नसल्यामुळं पडतंय म्हणून गाव ओरडून राहिलं! सांगा, अशा गावात माणसानं खरं बोलावं कसं?

म्या ठरवलं, पुडी काढून टाकायची. दाजी बॅटरी मागं सरकवत बसला होता, म्या टोपण घेऊन कोपऱ्यात गेलो. च्युइंगम वाळून दगड झालेलं. टाचणीनं खरवडलं, खरवडलं, अन् टाचणी गेली बिब्ब्यात. बिब्ब्यातून काळं तेल आलं बोटावर. तेवढ्यात नाक खाजलं, तेच बोट लावलं.

ज्यांना बिब्बा मालूम हाय त्यांनी आत्ताच डोळे झाकले असतील.

"दे टोपण!" दाजीनं हात पुढं केला. पुडी अर्धी सुटलेली, अर्धी लटकलेली. द्यावंच लागलं. आता हेलिकॉप्टर निस्तं पुढं पळंना. आत पुडी लोंबकळंल तसं कधी डावीकडं, कधी उजवीकडं, मधीच सवताभोवती गरगर. दाजी डोकं धरून बसला. "काल रोग एक होता, आज तीन झाले." मग हेलिकॉप्टर शाळेत नेऊन कपाटात ठेवलं अन् कुलूप घातलं. चावी करगोट्याला.

शुक्रवारी सकाळी उठलो तर नाक न्हाईच. नाकाच्या जागी वांगं! लाल, फुगलेलं, वर फोड. एक डोळा बंद. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की असंच उततं.

आई म्हणली, "काय चावलं रे लेकराला?"

"म-मधमाशी."

तिनं त्याच्यावर चुना थापला. आगीत तेल! सांजच्याला दाजी घरी आला, माहं तोंड बघितलं अन् डोक्यावर हात ठेवला. "दोन दिवस माझ्याबरोबर राबलास, आणि वर हे एवढं सुजलं. गावात तूच एकटा माझ्या बाजूनं आहेस बघ."

त्यानं दोन कानफटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं, आईशप्पत. सांगावं म्हणून तोंड उघडलं. पण फॉर्म आठवला, अभ्यास आठवला, अन् तोंड पुन्हा झाकलं.

शनिवारी शाळेचं मैदान गच्च. पोरं ओळीत, हेडमास्तर खुर्चीवर, भिंतीवर निम्मं गाव. किसन आप्पा नवा फेटा बांधून आला. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात बिब्ब्याचा दोरा. गज्या लांबून मला डोळा मारून राहिला.

दाजीनं दांडी वर सारली. हेलिकॉप्टर उचललं, थरथरलं, डावीकडं गेलं, गरकन फिरलं, हेडमास्तरच्या टकलावरून सूं करून गेलं. हेडमास्तर खुर्चीखाली! अन् पुढं जाऊन ते पडलं कुठं? आप्पाच्या पायापाशी. जसं पाया पडायलाच आलं.

कुणी हसंना.

आप्पा हळूच म्हणला, "मास्तर, शब्द दिला होतात."

तवा सातवीतली रेणुका उठली. लई हुशार पोर, दाजीची लाडकी. "सर, मग नजर खरंच लागते का?"

दाजीनं बघितलं तिच्याकडं. "मला... मला कारण सापडलं नाही, बाळा." अन् त्यानं आप्पाच्या हातातला नारळ घेतला. कान लाल नव्हते. पांढरे पडले होते.

नारळ वर गेला अन् माह्या तोंडातून निघून गेलं, "दाजी, थांबा! टोपणाच्या नाकात बिब्बा हाय!"

दाजीनं नारळ खाली ठेवला, टोपण काढलं, पेचकसानं आत खरवडलं. टपकन पुडी पडली. दोन बिब्बे अन् खिळा.

भिंतीवरून कुणीतरी ओरडलं, "ओ आप्पा! बिब्बा असून पडलं की वो!"

काय हसले लोक! पण दाजी न्हाई हसला. टोपण घातलं, ट्रिम मधोमध आणली, दांडी सारली. हेलिकॉप्टर वर गेलं अन् जाग्यावर असं थांबलं, जसं आभाळात खिळा मारून टांगलंय. पोरांनी एकच गिल्ला केला.

आता आप्पा गप बसंल असं वाटलं ना तुम्हाला? त्यानं मिशीवर हात फिरवला. "बघा! समदी नजर त्या बिब्ब्यानं वढून घेतली, तवा उडलं! अन् म्या तर बांधला न्हाई. मास्तर, कपाटाला कुलूप, चावी तुमच्यापाशी. मग बिब्बा आत आला कुठून?"

लोकांच्या माना डुलायला लागल्या. एका म्हातारीनं तर हात जोडले. "आपोआप आला गं माय!"

खरं सांगतो, माहं मन एकदम हलकं झालं. सुटलो! मला कसं मालूम होतं, हे कुणी इचारलंच न्हाई. बिब्बा आपोआप आला, समद्या गावाला पटलं, कुणाला काय अडचण? म्या गर्दीत मागं सरकाया लागलो.

पण रेणुका तशीच उभी. "सर, नजर लागते का नाही? सांगा ना."

दाजी माह्याकडं बघून राहिला. बोटांवरच्या काळ्या डागांकडं बघितलं, नाकाकडं बघितलं. रागावला न्हाई, काही न्हाई. निस्ता हेडमास्तरपुढचा माइक उचलून आला अन् माह्यापुढं धरला. "दोन दिवस तू माझ्याबरोबर कारण शोधलंस. तूच सांग हिला."

दीडशे पोरं बघून राहिली. आप्पा बघून राहिला. गज्या भिंतीवरून उडी मारून पळाला. माह्या एका उघड्या डोळ्याला पाणी आलं, दुसरा तर बंदच होता. माइक धरला. आवंढा गिळला, तो बी माइकातून समद्या गावाला ऐकू गेला.

म्हणलो, "पोरांनो, नजर-बिजर कायी नसतंय. गावात मी असतोय."