मंजुळाबेनचे बायबल आणि माझे गुजराती

बसा. चहा घ्या. माझी फजिती मी कोणाला सांगत नसतो. पण ती आता सुरतेच्या अख्ख्या डिंडोली भागात तिखटमीठ लावून फिरते आहे, तेव्हा म्हटले, खरी काय ती माझ्याच तोंडून जाऊ दे. एकच अट. मध्ये हसायचे नाही.

आधी माझ्याबद्दल. गाव नवापूरकडचे. शिक्षण तिसरी. सुरतेत लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, अडतीस वर्षे काढली, त्यातली वीस कारागिरांवरचा मास्तर म्हणून. त्या खडखडाटात बोलून आवाज असा झाला आहे की मी हळू बोललो तरी शेजारची बाई दार उघडून बघते. आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत मी वडील आहे, म्हणजे मंडळीचा पंच. लोकांनी केले, उगाच नाही केले.

आमचा प्रार्थनेचा हॉल पहिल्या मजल्यावर. भाड्याचा. सकाळी आठला तिथे गुजराती मंडळीची उपासना, साडेदहाला आमची. ते उतरतात, आम्ही चढतो.

आमचे पाळक, म्हणजे पास्टर, चांगले आहेत, पण तरुण. त्यांनी हॉलमध्ये पडदे लावले. एक नाही, दोन! मोठा समोर, लोकांसाठी. छोटा मागच्या भिंतीवर, स्टेजवर गाणाऱ्याला ओळी दिसाव्यात म्हणून. ठीक आहे. गाणी दाखवा, माझी ना नाही. पण एका रविवारी म्हणतात कसे, "यापुढे वचनही पडद्यावरच. कपाटातली बायबले खेड्यांवरच्या मंडळ्यांना देऊन टाकू."

मी उभा राहिलो. "कपाटाला हात लावायचा नाही!"

"काका, पण ते कोणी उघडतच नाही."

"मी उघडतो. देवाचे वचन हातात धरायचे असते. भिंतीवर सिनेमा बघतात."

"बरं," पाळक म्हणाले, "मग पुढच्या रविवारी शास्त्रवाचन तुम्ही करा, पुस्तकातून. लोकांना भावले तर कपाट राहील."

"राहणारच!" मी म्हणालो. शेजारी बसलेल्या बायकोने माझी बाही ओढली. सुलोचना तिचे नाव. तिला सगळे ठाऊक.

तुम्हाला म्हणून सांगतो. मला नीट वाचता येत नाही. मोठे अक्षर असले तर लावून लावून वाचतो. बायबलाचे अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग! पण चाळीस वर्षे रोज संध्याकाळी घरच्या प्रार्थनेला सुलोचना वाचते आणि मी मागून म्हणतो. डोक्यात अर्धे बायबल आहे. डोळ्यांत एक ओळ नाही.

रविवार आला. स्टेजवरच्या टेबलावर एक बायबल होते. काळे, जाडजूड. ते उचलले, उघडले आणि एक पाठ असलेले स्तोत्र सुरू केले. काय म्हटले म्हणता! पंखे हलल्यासारखे वाटले. मध्ये मध्ये बोटाला थुंकी लावून पान उलटले. स्तोत्र आठ वचनांचे, मी पाने उलटली चार. वजन पडायला नको?

संपत आले आणि दारात मंजुळाबेन. गुजराती मंडळीतल्या. घाईघाईने पुढे आल्या.

"काका, ए तो मारुं बाइबल छे! हुं भूली गई हती."

"बेन, वाचन चालू आहे."

"पण काका, ए तो गुजराती छे!"

तेव्हा मी पानाकडे पहिल्यांदा पाहिले. एकाही अक्षराच्या डोक्यावर रेघ नाही!

पाळक म्हणाले, "काका, तुम्ही गुजराती पुस्तकातून वाचत होता?"

आता काय सांगू? खरे बोलावे तर कपाट गेले आणि कपाटाबरोबर मीही गेलो. वीस वर्षांचा मास्तर, मंडळीचा वडील, आणि आठवड्याभरात लोक म्हणणार, म्हातारा पुस्तक धरून नाटक करत होता.

"हो," मी म्हणालो. "बघायचे गुजरातीत, बोलायचे मराठीत. सवय आहे."

टाळ्या! मंजुळाबेन तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "वाह काका!" पाळकांनी तिथल्या तिथे जाहीर केले की कपाट राहील. मी मान ताठ करून खाली उतरलो. छाती अशी भरून आली होती की खोटे बोललो हे घरी जाईपर्यंत आठवलेच नाही.

संध्याकाळी पाळकांचा फोन. "काका, आनंदाची बातमी! मंजुळाबेनने त्यांच्या पाळकांना सांगितले. पुढच्या रविवारी दोन्ही मंडळ्यांची एकत्र उपासना. त्यांचे पाळक एकेक वचन गुजरातीत वाचतील, तुम्ही मराठीत सांगायचे. गुजराती पुस्तक बघून!"

मी फोन ठेवला. सुलोचना म्हणाली, "अहो, सांगून टाका त्यांना."

"जीव गेला तरी नाही."

"मग गुजराती वाचायला शिका सहा दिवसांत."

"कशाला? कोणते वचन आहे ते विचारतो. तू वाच, मी पाठ करतो."

विचारले. हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत. सोमवार ते शनिवार ते मेंढरू मी असे पाठ केले की झोपेतून उठवले असते तरी कळपात आणून सोडले असते.

रविवारी हॉल गच्च. डावीकडे गुजराती, उजवीकडे मराठी. मंजुळाबेनने स्वतःचे बायबल माझ्या हातात दिले, मानाने. गुजराती पाळक माझ्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "आजे सवारे प्रभुए मने बीजुं वचन आप्युं."

बीजुं! दुसरे! मेंढरू गेले की हो! आणि निघाले काय, तर प्रेषित पौलाचा समुद्रप्रवास. गलबत, वारे, बंदरांची नावे. एक ओळ पाठ नाही. त्यांनी पहिले वचन वाचले आणि माझ्याकडे पाहिले. गुजराती बोलायला मला उत्तम येते हो, सुरतेत जन्म गेला. पण बायबलातले गुजराती कानावरून निघून गेले. हातातल्या पुस्तकात मुंग्या, त्याही परक्या.

मी देवाला शोधायला वर पाहिले आणि समोर मागची भिंत. छोटा पडदा. त्यावर मराठी! तळहाताएवढी अक्षरे!

कॉम्प्युटरवर शोभाताई बसतात. त्यांच्या शेजारी, कधी जाऊन बसली कोण जाणे, सुलोचना.

मग काय! लोकांची पाठ त्या पडद्याकडे, त्यांना काय दिसणार? मी पुस्तक छातीशी धरले आणि अक्षर लावून लावून, शब्द शब्द तोडून, दणक्यात वाचायला लागलो. थांबत होतो, तर लोकांना वाटे म्हातारा अर्थ तोलतो आहे. खरे सांगतो, त्या वेळी मला लाज नव्हती, अभिमान होता. पाठ न केलेले असे चार माणसांत मी जन्मात पहिल्यांदा वाचत होतो. गलबत हाकारले, वादळात घातले, बेटाजवळ आणले. शेवटचे वचन झाले.

तेवढ्यात पडद्यावर आणखी एक ओळ आली. म्हटले, राहिले वाटते. अर्थाकडे लक्ष कोणाचे? माझे सगळे लक्ष अक्षराकडे. त्याच आवाजात सुरू केले:

"काका... तुमची... स्कूटर... गेटसमोर... आडवी... आहे. टेम्पो... अडला. चावी... पाठवा!"

"आमेन!" डावी बाजू एका आवाजात म्हणाली.

उजव्या बाजूच्या सगळ्या माना एकदम मागे वळल्या. पदर तोंडात, रुमाल तोंडात. सुलोचनाने कपाळाला हात लावलेला. ती ओळ तिनेच लिहायला सांगितली होती, मला गुपचूप कळावे म्हणून!

मी खिशातून चावी काढली आणि स्टेजवरून आमच्या पाळकांच्या हातात दिली. मान खाली घातली नाही.

उपासनेनंतर पाळकांनी मला जिन्यात गाठले. मी त्यांना बोलू दिले नाही. म्हणालो, "गुजराती वाचता येत नाही. मराठीही लावून लावून येते. खोटे बोललो. कपाट द्यायचे तर द्या."

ते हसू दाबत म्हणाले, "काका, कपाट राहील. आणि त्यात एक मोठ्या अक्षराचे बायबल आणून ठेवतो. ते मात्र तुम्ही खरेच उघडायचे."

"उघडीन," मी म्हणालो. "पण पडदा काढू नका लगेच."

इतक्यात मागून मंजुळाबेन आल्या. हातात त्यांचे बायबल, बोट त्या अध्यायात.

"काका, बहु सरस वांच्युं! पण पेलुं छेल्लुं वचन, चावीवाळुं, मने आमां क्यांय जडतुं नथी."

शेवटचे वचन. चावीचे. त्यांना सापडत नव्हते.

पाळक माझ्या तोंडाकडे बघत होते. आत्ताच खोटे बोलल्याची कबुली दिली होती, दुसरे कसे बोलणार?

"बेन," मी म्हणालो, "ते फक्त मराठीत आहे."