ध्यानाच्या वर्गातली थरथर

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी ध्यानाला जाऊ लागलो. कोयनानगरला आमच्या वसाहतीत एक निवृत्त शिक्षिका रोज सकाळी समाजमंदिरात वर्ग घ्यायच्या. आम्ही नऊ-दहा जण असू. बाई फार बोलायच्या नाहीत. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्या, एवढंच सांगायच्या.

तिसऱ्या आठवड्यात मला अनुभव आला. मांडीखालची जमीन हलली आणि अंगातून काहीतरी सरसरत वर गेलं. वर्ग सुटल्यावर मी बाईंना बाजूला घेऊन हळू आवाजात हे सांगितलं.

"भूकंप होता," बाई म्हणाल्या. "सगळ्यांनाच आला तो."

आमच्याकडे असे बारीक धक्के येतच असतात, त्यामुळे कुणी डोळेसुद्धा उघडले नव्हते. घरी मी यातलं काही बोललो नाही.

पुढे पंधरा दिवसांनी पुन्हा तसंच झालं. या वेळी मी डोळे उघडून पाहिलं. बाकीचे शांत बसले होते. माझे हात मात्र थरथरत होते.

"आज भूकंप नाही," नंतर बाई म्हणाल्या. "घरी काय झालंय?"

"काही नाही. वडील गेले, त्याला चार महिने झाले."

"रडलात?"

मी सांगितलं, की थोरल्या भावाबरोबर मी सगळं रीतसर केलं. दहावा, तेरावा, मांडव, जेवणं. वडील फौजेतले, भाऊही फौजेतून निवृत्त. आमच्यात रडायचं काम बायकांकडे असतं. शिवाय आत्मा अमर आहे, हे भेटायला आलेल्या प्रत्येकाला मीच समजावलं होतं.

"मी आत्म्याचं विचारलं नाही," बाई म्हणाल्या. "आठ दिवस वर्गाला येऊ नका. मनात काय आहे ते रोज घरात कुणाला तरी सांगा. तेही ध्यानच आहे."

वर्गातून काढलेला मी पहिलाच.

घरी बायको लसूण सोलत होती. मी म्हणालो, "मला आबांची आठवण येते."

तिनं वर पाहिलं. "मलाबी येती की. पर तुमी आल्या-गेल्याला आत्मा सांगत बसला. मी कुणाला सांगायचं?"

मीही लसूण सोलायला बसलो. आबा शेवटचे दोन महिने आमच्याकडे होते. मी दुपारी झोपलो की ते तिच्याकडे चहा मागायचे, हे तिनं मला लसूण सोलता सोलता सांगितलं.

"साखर घालून," ती म्हणाली.

आबांना मधुमेह होता. मला हसू आलं आणि हसता हसता मी रडायला लागलो. बराच वेळ रडलो. तिनं हातातला लसूण बाजूला ठेवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी शिराळ्याला भावाला फोन केला. "दादा, मला आबांची लय आठवण येतीया."

दादा म्हणाले, "डॉक्टरला दाखीव," आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी ते एसटीनं आमच्याकडे आले. पिशवीत भुईमुगाच्या शेंगा होत्या. का आलात, असं आम्ही विचारलं नाही. जेवण झाल्यावर ते कॉटवर बसले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "मलाबी झोप न्हाई रं. तेराव्यापासनं."

मी त्यांच्या शेजारी बसलो. आम्ही आबांविषयी चहाच्या वेळेपर्यंत बोललो. मध्ये दोनदा त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. मग ते तिथंच आडवे झाले आणि घोरायला लागले. बायकोनं पंखा बारीक केला.

उद्या जातो म्हणाले आणि चार दिवस राहिले. एसटीत चढताना म्हणाले, "पुढल्या महिन्यात तू ये. मी काय फोनबिन करणार न्हाई."